भाज्यांचे पोळे चौथ्यानंतर का बिघडतात

पहिले चार पोळे, म्हणजे भाज्यांची धिरडी, सुरेख उतरतात. कडेला जाळी पडते, मधला भाग मऊ राहतो आणि काविलता (उलथणे) खाली सरकवला की अख्खा पोळो अलगद सुटून येतो. पाचव्यापासून गडबड सुरू होते. पीठ पसरले की कडेने पाणी सुटते आणि चर्र करत उडते. मधला भाग पांढुरकाच राहतो. उलटायला गेले की अर्धा पोळो हातात येतो आणि अर्धा तव्याला चिकटतो. आठव्यापर्यंत पातेल्यातले पीठ ताकासारखे पातळ झालेले असते आणि बाहेर माणसे ताटे घेऊन बसलेली असतात.

हे तुमच्याकडे होत असेल तर तवा बदलू नका, पीठही बदलू नका. मी दोन्ही बदलून पाहिले आणि त्यात तीन पावसाळे गेले. दोष मीठ घालण्याच्या वेळेत होता. हे मला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवे होते, म्हणून सगळे सविस्तर लिहिते आहे.

माझे माहेर साताऱ्याकडचे. तिकडे आम्ही धिरडी म्हणतो. लग्न होऊन गोव्यात फोंड्याला आले तेव्हा कळले की इथे एक तो पोळो आणि अनेक ते पोळे. तांदळाचे, रव्याचे, उरलेल्या शितांचे, तवशाचे, म्हणजे पावसाळी काकडीचे, असे किती तरी प्रकार. श्रावणातल्या आयताराला, म्हणजे रविवारी, आमच्याकडे पूजा आटोपली की दहा-साडेदहाला दहा-बारा माणसे जमतात. नणंदेची मुले येतात, शेजारची माणसे येतात, मुलीच्या मैत्रिणी येतात. मुलगी त्याला ब्रंच म्हणते. गोव्यात सकाळी दहाला पेज जेवायची सवय जुनीच आहे, त्यामुळे न्याहारी आणि जेवण यांच्या मधली ही वेळ आमच्या घराला नवी नाही. सगळे शिवराक, म्हणजे शाकाहारी, असते. एरवी भाज्यांचे पॅनकेक करणारे लोक त्यात एक-दोन अंडी फोडतात आणि अंडे सगळे धरून ठेवते. आमच्याकडे त्या दिवशी तो आधार नसतो. धरून ठेवायचे काम पिठालाच करावे लागते. म्हणून पाण्याचे प्रमाण बिघडले की त्याचा परिणाम लगेच दिसतो.

सुरुवातीला मी सगळ्यांनी सांगितलेले उपाय केले. पीठ पातळ झाले की वरून मूठभर तांदळाचे पीठ घालायचे. त्याने पोळो उलटता येतो, पण खाताना घशात अडकतो, कारण ते नवे पीठ भिजलेलेच नसते. बेसन वाढवले तर आत कच्चट चव राहिली. आच वाढवली तर खालून करपले आणि वरून ओलेच राहिले. सासूबाई मागे उभ्या राहून एवढेच म्हणायच्या, "मीठ मागीर घाल गो." म्हणजे मीठ नंतर घाल. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही. त्यांच्या आईने त्यांना तसेच सांगितले होते. मला वाटायचे की हा चवीचा भाग असेल, आणि मी सगळ्या पिठात एकदमच मीठ घालत राहिले.

मग एका शनिवारी दुपारी मी दोन वाट्या घेतल्या. दोन्हींत किसलेले तवसे सारखेच, वजन करून शंभर-शंभर ग्रॅम. एकीत पाव चमचा मीठ कालवले, दुसरी तशीच ठेवली. पाच मिनिटांत मिठाच्या वाटीतला किस खाली बसला आणि कडेने चकाकायला लागला. पंधरा मिनिटांनी वाटी कलती केली तर फिकट हिरवे पाणी एका बाजूला जमा झाले. किस दाबला की आणखी आले. बिनमिठाच्या वाटीत तळाला जेमतेम चमचाभर ओल होती. अर्ध्या तासाने मिठाच्या वाटीतला किस हातात घेतला तर भिजवलेल्या सुतासारखा लुळा पडला होता. दुसऱ्या वाटीतला अजून करकरीत होता.

तव्यावर जे होत होते ते सगळे त्या वाटीत दिसले. माझा एक पोळो व्हायला पाच-सहा मिनिटे लागतात. पाचवा पोळो तव्यावर जाईपर्यंत पातेल्यातल्या भाजीला मीठ लागून पंचवीस-तीस मिनिटे झालेली असतात. पहिल्या पोळ्याचे पीठ आणि पाचव्याचे पीठ एकाच पातेल्यातले असले तरी एकसारखे राहिलेले नसते.

यामागचे कारण साधे आहे. भाजीच्या पेशींत पाणी भरलेले असते. बाहेर मिठाचे पाणी तयार झाले की आतले पाणी तिकडे ओढले जाते. लोणच्याच्या फोडींना मीठ लावून ठेवल्यावर जे होते तेच. किसणीवर तर पेशी फाटतातच, त्यामुळे किसलेली भाजी चिरलेल्या भाजीपेक्षा किती तरी लवकर पाणी सोडते. तवसे आणि दुधी यांच्यात ९५ टक्क्यांहून जास्त पाणी असते, कोबीत ९२ टक्क्यांच्या आसपास, गाजरात ८८. अर्धा किलो तवसे किसून पिठात घातले तर जवळजवळ अर्धा लिटर पाणीच घातले म्हणायचे. ते लगेच दिसत नाही, एवढेच.

आणि पाणी सुटले की पोळो नुसता पातळ होत नाही, तो भाजलाही जात नाही. तव्यावर जोवर पाणी उकळते आहे तोवर पोळ्याचा तो भाग १०० अंशांच्या वर जात नाही. तांबूस रंग आणि खमंग वास यायला साधारण १४० अंश लागतात. म्हणून पाणी सुटलेला पोळो दहा मिनिटे ठेवला तरी पांढुरकाच राहतो. तो तव्यावर भाजण्याऐवजी शिजत असतो. खालची कड कोरडी होऊन आवळली म्हणजे पोळो तवा सोडतो. ती कडच तयार झाली नाही तर तो सुटणार कसा? चिकटणे, पांढरे राहणे, तुटणे या मी तीन वेगळ्या तक्रारी समजत होते. तिन्ही एकाच पाण्याच्या.

माहेरी हे का होत नव्हते, हा प्रश्नही मला पडायचा. एक तर तिकडे आम्ही धिरड्यांत मेथी, कांदा, फार तर थोडे गाजर घालायचो. इथे पावसाळ्यात डोंगरावरची तवशी येतात. रस्त्याकडेला बायका ती ढीग लावून विकतात. जाड, मनगटाएवढी आणि रसाने भरलेली. दुसरे म्हणजे हवा. जुलै-ऑगस्टमध्ये इथे हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. डब्यातले तांदळाचे पीठसुद्धा ओलसर होते, मुठीत दाबले की गोळा राहतो. साताऱ्याच्या प्रमाणाने पाणी घातले तर इथे ते जास्तच होणार.

आता मी काय करते ते सांगते. हे प्रमाण दहा-अकरा पोळ्यांचे आहे.

अर्धा किलो तवसे सोलायचे, मधला बियांचा भाग चमच्याने काढून टाकायचा आणि मग किसायचे. किसण्याआधी दोन्ही टोकांचा तुकडा कच्चा चाखायचा. तवसे, काकडी, दुधी यांपैकी काहीही कडू लागले तर ते सरळ टाकून द्यावे. मीठ लावून, घासून कडूपणा जाईल या भरवशावर राहू नये. कडू दुधीने माणसे गंभीर आजारी पडलेली आहेत. किसाला सव्वा चमचा मीठ लावून वीस मिनिटे चाळणीत ठेवायचे, खाली पातेले. मग ओल्या पंचाच्या तुकड्यात बांधून पिळायचे. पंचा आधी ओला करून घट्ट पिळून घ्यावा, कोरडा घेतला तर रस तोच पितो. पिळताना एकदम जोर लावू नये. पुरचुंडी फिरवत फिरवत आवळायची, थांबायचे, पुन्हा आवळायची. माझ्याकडे यातून दीडशे ते पावणेदोनशे मिलिलिटर पाणी निघते.

हे पाणी ओतून देऊ नका. त्यात तवशाचा वास आहे, मीठ आहे. हेच पाणी पीठ भिजवायला वापरायचे. दीडशे ग्रॅम तांदळाचे पीठ, पाऊणशे ग्रॅम बेसन आणि चाळीस ग्रॅम बारीक रवा एकत्र करून त्यात हे पाणी घालायचे आणि मग लागेल तसे ताक. ताक साधारण शंभर मिलिलिटर लागते, पण पावसात कमी आणि एप्रिलमध्ये जास्त. पीठ पळीतून धारेने पडायला नको, गोळ्यागोळ्याने सरकून पडायला हवे. मग वीस मिनिटे झाकून ठेवायचे. रवा आणि बेसन पाणी प्यायला वेळ घेतात. वीस मिनिटांनी पीठ आणखी घट्ट झालेले दिसेल. लागलेच तर तेव्हा दोन चमचे ताक घालावे, आधी नाही.

आणि या सगळ्यात महत्त्वाचा भाग: भाजी पिठात एकदम कालवायची नाही. भिजवलेले पीठ एका पातेल्यात. पिळलेला किस चाळणीत, कारण तो थोडे थोडे पाणी सोडतच राहतो. बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मूठभर ओले खोबरे एका ताटात, मीठ न लावता. तव्याजवळ एक लहान वाडगे ठेवायचे. त्यात तीन पोळ्यांपुरते पीठ घ्यायचे, त्या प्रमाणात किस आणि कांदा घालायचा, कालवायचे आणि लगेच तव्यावर. ते संपले की पुढचा घाणा. असे केले की दहाव्या पोळ्याची भाजीही खाऱ्या पिठात कालवून फार तर पंधरा मिनिटे झालेली असतात. दहावा पोळो पहिल्यासारखाच उतरतो.

सासूबाईंची पद्धत याहून सोपी होती. त्या किस पिळायच्या नाहीत. पीठ बिनमिठाचे भिजवायच्या आणि प्रत्येक पोळ्याच्या पिठात चिमूटभर मीठ घालून लगेच पसरायच्या. घरातल्या चार माणसांसाठी मीही आता तेच करते. बारा माणसांच्या घाईत मात्र एखादा पोळो अळणी राहतो आणि एखादा खारट होतो. म्हणून पाहुणे असले की पिळण्याची पद्धत बरी.

तवशाऐवजी दुसरे काही घेतले तर थोडा विचार बदलतो. दुधीला तवशाचाच नियम. मुळ्याचेही तसेच, फक्त पिळलेले पाणी उग्र असते, ते सगळे पिठात घालू नये. कोबी किसू नका, सुरीने केसासारखा चिरा, दहा मिनिटे मीठ लावा आणि हातानेच दाबून घ्या. गाजर आणि तांबडा भोपळा त्रास देत नाहीत. ते जाड किसणीवर किसले तर आत कच्चे राहतात, म्हणून बारीक किसणी वापरावी. बटाटा किसून पाण्यात टाकायची सवय असेल तर इथे ती सोडावी. त्याच्यातला स्टार्च आपल्याला हवा आहे. बटाटा नुसता पिळावा, ते पाणी पाच मिनिटे स्थिर ठेवावे, वरचे ओतून द्यावे आणि तळाला बसलेला पांढरा थर पिठात घालावा. तांबडी भाजी (लाल माठ) बारीक चिरून शेवटच्या क्षणी घालायची आणि तिला वेगळे मीठ लावायचेच नाही.

भेंडीचा शोध मला योगायोगाने लागला. पावसाळ्यात इथे सात शिरांची लांब भेंडी मिळते. एकदा कोबी कमी पडला म्हणून मी चार भेंड्या अगदी पातळ चकत्या करून घातल्या. भाजीत जी चिकट तार आपल्याला नको असते तिनेच पीठ धरून ठेवले. पोळो उलटताना हूं की चूं झाले नाही. तेव्हापासून अंड्याशिवाय कसे जुळवायचे असे कुणी विचारले की मी पहिल्यांदा भेंडी सांगते. दहा पोळ्यांना चार-पाच भेंड्या पुरतात. दुसरा उपाय म्हणजे रात्रीच्या उरलेल्या उकड्या तांदळाच्या भाताची मूठभर शिते ताकात वाटून पिठात घालायची. शिजलेला भात वाटला की खळीसारखा होतो, पाणीही धरतो आणि पीठही. जवस भिजवून घालणारेही आहेत. मी घालून पाहिले, धरते चांगले, पण तवशाच्या पोळ्याला तो वास मला जुळत नाही.

सोडा घालू नका. सोडा घातला की हलके होते असे सांगणारे खूप आहेत आणि नुसत्या पिठाच्या पोळ्याला ते खरेही आहे. भाजीच्या पोळ्यात मात्र सोड्याने भाजी लवकर नरम पडते आणि पाणी अधिकच सोडते. ताक असेल तर सोड्याचे बुडबुडे पहिल्या काही मिनिटांतच निघून जातात, म्हणजे पहिल्या दोन पोळ्यांना फायदा आणि बाकीच्यांना साबणासारखी चव.

पहिलाच पोळो चिकटत असेल तर

आतापर्यंत सांगितले ते पहिले चांगले आणि नंतरचे बिघडलेले असतील तर. पहिल्या पोळ्यापासूनच चिकटत असेल तर मात्र तवा पाहावा लागेल.

आमच्याकडे बिडाचा तवा आहे, सासूबाईंच्या लग्नातला. त्यावर पोळ्यांशिवाय काही करायचे नाही हा घरचा नियम. चपातीचा तवा आणि पोळ्यांचा तवा एक असेल तर चिकटणारच. चपातीचे कोरडे पीठ तव्यावर जळत राहते, कोरडी आच लागते आणि वर्षानुवर्षे बसलेला तेलाचा काळा गुळगुळीत थर उडून जातो. तो थर म्हणजेच तव्याचा चिकटपणा घालवणारी गोष्ट. तारेच्या घासणीने आणि साबणाने खसाखसा घासला तरी तो जातो. मी तवा गरम असतानाच पुसते, अगदी गरज पडली तर पाणी आणि मऊ काथ्या. मग गॅसवर कोरडा करायचा आणि बोटभर तेल चोळून ठेवायचा. पावसाळ्यात हे विसरले की सकाळी तव्यावर तांबूस गंज आलेला असतो. इथल्या हवेला एक रात्र पुरते.

थर गेलाच असेल तर परत आणता येतो. तवा घासून गंज काढा, पूर्ण कोरडा करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, जादा तेल कापडाने पुसून घ्या आणि धूर येईपर्यंत तापवा. गार होऊ द्या. असे चार-पाच वेळा करा. एकदाच भरपूर तेल ओतून तापवले तर चिकट लगदा होतो, थर होत नाही.

तवा किती तापला ते थेंबावरून कळते. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो पसरून हळूहळू उकळत बसला तर तवा गार आहे. लगेच चर्र होऊन नाहीसा झाला तर बरोबर आहे. पाऱ्यासारखा गोळा होऊन तव्यावर पळायला लागला तर तवा फार तापला आहे. अशा तव्यावर पीठ पसरतच नाही, पळीबरोबर गोळा होऊन येते. मग आच कमी करून पाण्याचा हबका मारावा आणि अर्ध्या कांद्याने पुसावे. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि कापलेल्या बाजूने तवा चोळायचा, प्रत्येक पोळ्याआधी. वांग्याचा देठाकडचा तुकडाही चालतो. याने तेल सगळीकडे सारखे आणि पातळ लागते. चमच्याने ओतलेले तेल एका जागी साचते, बाकी तवा कोरडा राहतो आणि तिथेच पोळो धरतो.

नॉनस्टिक तवा असेल तर तो रिकामा मोठ्या आचेवर तापवत ठेवू नका, लेप खराब होतो. मध्यम आच, आणि लाकडी काविलता.

काविलता लवकर घालणे ही दुसरी चूक, आणि ती हात थरथरण्याइतक्या घाईत होते. पीठ टाकले की पहिली दोन-अडीच मिनिटे त्याला हात लावायचा नाही. सुरुवातीला प्रत्येक पोळो तव्याला धरलेलाच असतो. खालचा थर कोरडा होऊन तांबूस झाला की तो स्वतःहून सुटतो. कडेकडे पाहत राहावे. ओली चकाकी जाऊन कड मंद दिसायला लागते, मग एका ठिकाणी केसभर वर उचलली जाते. तिथून काविलता घालावा. तवा थोडा हलवला की पोळो सरकला पाहिजे. सरकत नसेल तर अजून अर्धा मिनिट थांबावे.

आतून कच्चा राहत असेल तर बहुतेक वेळा तो जाड असतो. अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको, आणि वीतभराहून रुंद नको, म्हणजे उलटतानाही तुटत नाही. मोठ्या आचेवर पीठ टाकावे, लगेच मध्यम करावी, दोन मिनिटे झाकण ठेवावे. झाकणाच्या वाफेने वरची बाजू शिजते. मग झाकण काढून वाफ जाऊ द्यावी आणि तेव्हाच उलटावा. झाकण उचलताना ते सरळ बाजूला न्यावे, तव्यावर कलते केले तर आतले थेंब नेमके पोळ्यावर पडतात. दुसऱ्या बाजूला झाकण नको.

गार झाल्यावर चिवट होत असेल तर पिठात तांदूळ जास्त आहे. शिजलेला तांदळाचा स्टार्च गार होताना कडक होत जातो, फ्रीजमधला भात होतो तसा. बेसनाचे प्रमाण वाढवावे किंवा वर सांगितलेली वाटलेली शिते घालावी. सकाळचे उरलेले पोळे संध्याकाळी तव्यावर झाकण ठेवून, कडेला चार थेंब पाणी शिंपडून गरम केले की पुन्हा मऊ होतात.

बारा माणसांचे गणित

बारा माणसे, प्रत्येकी दोन, म्हणजे चोवीस पोळे. एका तव्यावर सहा मिनिटांचा एक धरला तर दोन तास वीस मिनिटांहून जास्त. कुणी एवढा वेळ ताट घेऊन बसत नाही. दोन तवे लावले की सव्वा तास. मी नऊला सुरू करते आणि पहिले काही पोळे करून ठेवते. ठेवण्यातही एक चूक वर्षानुवर्षे करत होते. गरम पोळे एकावर एक रचून हॉटपॉटमध्ये झाकायचे. अर्ध्या तासात त्यांच्याच वाफेने सगळी जाळी मऊ पडायची आणि खालचे दोन पोळे एकमेकांना चिकटायचे. पिळून काढलेले पाणी वाफेच्या वाटेने परत आल्यासारखेच ते. आता बांबूच्या रोवळीत सुती कापड अंथरते, पोळे एकावर एक न ठेवता कडेवर कलते उभे करते आणि वरून कापडाचा पदर टाकते. खालूनही हवा लागते. ओव्हन असेल तर ९०-१०० अंशांवर जाळीवर ठेवावेत.

तयारी आदल्या रात्री किती करावी हेही विचारले जाते. कोरडी पिठे एकत्र करून ठेवता येतात, चटणीसाठी खोबरे खवणून ठेवता येते, खोल्याची (काणकोणकडच्या खोला गावची) लाल मिरची भिजत घालता येते. तवसे किसणे मात्र सकाळीच. रात्री किसून फ्रीजमध्ये ठेवलेल्या तवशाला सकाळी वेगळाच वास येतो आणि पिळले तरी त्याचा करकरीतपणा परत येत नाही. दुसऱ्याने मदतीला यावे अशी एकच वेळ आहे, पिळण्याची. आमच्याकडे ते काम मुलीच्या मैत्रिणींना दिले आहे. त्यांना ते आवडते आणि पंचा आवळायला दोन हातांपेक्षा चार हात बरे.

हे सगळे वाचायच्या आधीच तुमचे पीठ पातळ झालेले असेल आणि माणसे दारात आलेली असतील तर एवढे करा. कोरडे पीठ ओतू नका. सगळे पीठ मोठ्या भोकांच्या चाळणीत ओता, न दाबता दोन मिनिटे राहू द्या. खाली जे पातळ पीठ येईल त्यात दर वाटीला दोन मोठे चमचे बारीक रवा घाला आणि दहा मिनिटे झाका. चाळणीत राहिलेली भाजी दाबून घ्या, ते दाबून निघालेले पाणी बाजूला ठेवा. दहा मिनिटांनी रव्याचे पीठ घट्ट झालेले असेल. ते आणि भाजी तीन-तीन पोळ्यांपुरतीच एकत्र करत जा. रवा घरात नसेल तर भाजी वेगळीच ठेवा, खालच्या पातळ पिठाचे घावन घाला, आणि भाजी कढईत मोहरी-हिंगाच्या फोडणीत परतून त्या घावनांत भरा. बाजूला ठेवलेले खारे पाणी ताकात घालून त्याची कढी होते. त्या दहा मिनिटांत पाहुण्यांना कोकमचे सरबत द्या.